बिलियर्ड्स : तीन चेंडूंचा खेळ आणि नवी मुंबई

ठाण्याची खाडी ओलांडून वाशीत प्रवेश केला की आखीव सेक्टर, रुंद रस्ते आणि दुकानांच्या ओळी दृष्टीस पडतात. सायंकाळच्या वेळी अशाच एखाद्या व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरून चेंडूवर चेंडू आदळल्याचा टणक आवाज कानी येतो. आत डोकावले तर लांबरुंद टेबलावर हिरवे कापड, वर झगझगीत दिवे आणि हातात लांब काठी घेऊन वाकलेले तरुण दिसतात. वाशी, नेरुळ, खारघर अशा वसाहतींतून हे दृश्य आता अपरिचित राहिलेले नाही. मात्र टेबलावरचे चेंडू मोजले तर ते पंधरा-वीस तरी भरतात आणि नाना रंगांचे असतात. हा खेळ स्नूकरचा किंवा पूलचा. ज्या खेळापासून स्नूकर निर्माण झाला आणि ज्या खेळाने स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले, तो तीन चेंडूंचा इंग्लिश बिलियर्ड्स मात्र येथे क्वचितच खेळला जातो.

ते अजिंक्यपद मिळविणारा खेळाडू पुण्यात जन्मला होता, हे आजच्या पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. या खेळाचे स्वरूप काय, महाराष्ट्राशी त्याचे नाते कसे जडले आणि नव्या मुंबईसारख्या नियोजित नगरीत त्याला स्थान मिळू शकेल काय, याचा विचार करणे म्हणूनच उद्‍बोधक ठरेल.

हिरवळीवरून टेबलावर

बिलियर्ड्सचा उगम युरोपातील मैदानी खेळात आहे. हिरवळीवर काठीने चेंडू ढकलण्याचा हा खेळ पंधराव्या शतकाच्या सुमारास घरात आला आणि टेबलावर मांडला गेला. टेबलावरचे हिरवे कापड ही त्या मूळच्या गवताची आठवण होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या खेळाला आजचे रूप येऊ लागले. लाकडी फळ्यांच्या जागी पाटीच्या दगडाचा सपाट पृष्ठभाग आला. कडेच्या गाद्यांमध्ये प्रक्रिया केलेले रबर बसविण्यात आले व त्यामुळे चेंडू ठरलेल्या कोनातून परत येऊ लागला.

चेंडू त्या काळी हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत, त्यामुळे या खेळापायी असंख्य हत्तींचा बळी गेला. हस्तिदंताला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांतूनच अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइडचा उपयोग रूढ केला. आज सर्वत्र वापरात असलेल्या प्लॅस्टिक वस्तूंच्या इतिहासात बिलियर्ड्सच्या चेंडूला असे मानाचे स्थान आहे. सध्याचे चेंडू कृत्रिम राळेपासून तयार करतात.

भारतात हा खेळ ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांबरोबर आला. छावणी तेथे मेस आणि मेस तेथे बिलियर्ड्सचे टेबल, असा जणू शिरस्ताच होता. १८७५ साली जबलपूर येथे पावसाळ्यात वेळ घालविण्यासाठी नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून पाहिले आणि स्नूकरचा जन्म झाला. उटीच्या क्लबमध्ये त्याच्या नियमांना आकार आला. आज जगभर लोकप्रिय असलेला स्नूकर हा अशा रीतीने भारतातच जन्मलेला, बिलियर्ड्सचा वंशज आहे.

खेळ कसा खेळतात

पूर्ण आकाराच्या टेबलाचा खेळावयाचा भाग सुमारे ११ फूट ८॥ इंच लांब व ५ फूट १० इंच रुंद असतो. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, असे एकूण सहा कप्पे असतात. त्यांना पॉकेट म्हणतात. खालच्या गादीपासून २९ इंचांवर एक आडवी रेघ असते, ती बॉक लाइन. या रेघेवर ११॥ इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढलेले असते. इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसत असल्यामुळे त्याला ‘डी’ असेच म्हणतात. चेंडू तीनच : एक पांढरा, एक पिवळा आणि एक तांबडा. पांढरा व पिवळा हे दोन खेळाडूंचे स्वतःचे चेंडू. तांबडा दोघांचा. ज्या काठीने चेंडू मारावयाचा ती क्यू. तिच्या टोकाला चामड्याची लहान टिकली असते आणि चेंडूवरून ती घसरू नये म्हणून तिला वरचेवर खडू लावावा लागतो.

गुण मिळविण्याचे मार्ग तीन आहेत. आपल्या चेंडूने दुसरा चेंडू पॉकेटमध्ये घालविणे म्हणजे पॉट. तांबडा घातल्यास ३ गुण, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू घातल्यास २ गुण. दुसऱ्या चेंडूवर आदळून आपला स्वतःचा चेंडू पॉकेटमध्ये जाणे म्हणजे इन-ऑफ. तांबड्यावरून गेल्यास ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवरून गेल्यास २ गुण. आपल्या चेंडूने एकाच फटक्यात उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श करणे म्हणजे कॅनन, त्याचे २ गुण. हे तिन्ही एकाच फटक्यात साधणेही शक्य असते. प्रथम तांबड्याला व नंतर दुसऱ्या चेंडूला स्पर्श झाला आणि तिन्ही चेंडू पॉकेटमध्ये गेले, तर एका फटक्यात जास्तीत जास्त १० गुण होतात. नियमभंग झाल्यास प्रतिस्पर्ध्याला २ गुण मिळतात.

गुण मिळत आहेत तोवर डाव त्याच खेळाडूचा. एका डावात सलग मिळविलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात. तांबडा चेंडू पॉकेटमध्ये गेला की तो पुन्हा ठरलेल्या जागी मांडतात. आपला चेंडू गेला की तो ‘डी’मध्ये ठेवून पुढचा फटका मारता येतो. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मात्र एकदा पॉकेटमध्ये घातला की त्याची पाळी येईपर्यंत बाहेरच राहतो. त्यामुळे दोन गुणांच्या मोहाने तो घालविणाऱ्याला पुढे केवळ तांबड्यावर निर्वाह करावा लागतो आणि कॅननचा मार्ग बंद होतो. नवख्या खेळाडूची परीक्षा पुष्कळदा याच ठिकाणी होते.

स्नूकरशी तुलना केल्यास या खेळाचा विशेष स्पष्ट होतो. स्नूकरमध्ये चेंडू एकेक करून संपत जातात आणि टेबल रिकामे होते. बिलियर्ड्समध्ये चेंडू संपतच नाहीत. तीन चेंडू सदैव कोठे ना कोठे असतात आणि ते पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी आणून ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी खेळणाऱ्यावर असते. पहिल्या फटक्याचे गुण महत्त्वाचे खरेच, पण त्यानंतर चेंडू कोठे थांबले यावर दुसरा आणि तिसरा फटका अवलंबून असतो. एखादा फटका दिसावयास देखणा, परंतु चेंडू विखुरणारा असेल तर तो जाणकारांच्या पसंतीस उतरत नाही.

पहिला धडा

नवोदिताला प्रथम शिकविण्यात येतो तो ‘अर्ध्या चेंडूचा’ फटका. आपल्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेवर रोखला, तर आदळताना एका चेंडूचा निम्मा भाग दुसऱ्यामागे झाकला जातो. या आघातानंतर आपला चेंडू एका ठराविक कोनातून वळतो. मधल्या वेगाने मारलेल्या फटक्यात हा कोन फारसा बदलत नाही. म्हणूनच तो नजरेत बसविता येतो आणि त्यावर सारा खेळ उभारता येतो.

या धड्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मधल्या पॉकेटमधील इन-ऑफ. ‘डी’मधून तांबड्या चेंडूवर अर्ध्या चेंडूचा फटका मारावयाचा. आपला चेंडू मधल्या पॉकेटमध्ये जातो. तांबडा वर जाऊन गादीला लागतो आणि वेग नेमका असल्यास परत येऊन जवळपास पूर्वीच्याच जागी थांबतो. आपला चेंडू पुन्हा ‘डी’मध्ये, पुन्हा तोच फटका, पुन्हा ३ गुण. कोन आणि वेग यांची ही जोडी साधली की शिकणाऱ्याला खेळाचे मर्म गवसते. तथापि एकाच प्रकाराची पुनरावृत्ती करून खेळ कंटाळवाणा होऊ नये म्हणून नियमांनी मर्यादा घातली आहे. सलग १५ पॉट वा इन-ऑफ झाल्यावर कॅनन साधावाच लागतो, आणि सलग कॅननांनाही ७५ ची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम हा १९३२ साली एकाच ब्रेकमध्ये ४,१३७ गुणांपर्यंत पोहोचला, तेव्हा चेंडूने ठराविक गुणांच्या आत बॉक लाइन ओलांडली पाहिजे असाही नियम करावा लागला. नियम कठीण होत गेले आणि खेळाडूंचे कौशल्य त्यांना पुरून उरत गेले, असा या खेळाचा इतिहास आहे.

पुण्याचे विल्सन जोन्स

या खेळातील भारताच्या वैभवाचा पाया विल्सन जोन्स यांनी घातला. त्यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुणे येथे एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. राष्ट्रीय बिलियर्ड्स अजिंक्यपद त्यांनी १२ वेळा आणि राष्ट्रीय स्नूकर अजिंक्यपद ५ वेळा मिळविले. १९५८ साली कलकत्ता येथे भरलेल्या जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेत ते विजयी झाले. देश स्वतंत्र होऊन अवघी अकरा वर्षे झाली होती. हॉकीच्या संघाने सुवर्णपदके आणली होती. परंतु एकट्या खेळाडूने जागतिक विजेतेपद मिळविण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. हा विजय घरच्या टेबलावरचा, अशी शंका कोणाच्या मनात असलीच तर तिचे निरसन १९६४ साली झाले. त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये जोन्स यांनी तेच अजिंक्यपद दुसऱ्यांदा पटकावले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. पुढे त्यांनी आपले ज्ञान तरुण खेळाडूंना दिले आणि त्याबद्दल १९९६ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना लाभला. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

जोन्स यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी हा वारसा पुढे नेला. शाळकरी वयात दार्जिलिंगला त्यांना या खेळाची गोडी लागली आणि मुंबईत कायद्याचे शिक्षण घेत असताना ती वाढली. १९७७ साली मेलबर्न, १९८१ साली दिल्ली आणि १९८३ साली माल्टा येथे त्यांनी जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. १९७८ मध्ये त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक केला. हजार गुणांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. एका फटक्याला सरासरी अडीच गुण धरले तरी साडेचारशेहून अधिक फटके ओळीने बिनचूक मारल्याखेरीज हा आकडा गाठता येत नाही, एवढे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाची कल्पना येईल.

फरेरा यांनी खेळाच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही उपस्थित केला. १९८१ साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी स्वीकारली नाही. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना पद्मभूषण मिळाले असताना अन्य खेळांतील जागतिक विजेत्याला वेगळे माप का, असा त्यांचा सवाल होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. प्रेक्षकांची संख्या हेच खेळाडूच्या योग्यतेचे माप मानावयाचे काय, हा त्यांचा प्रश्न अद्यापही विचार करावयास लावणारा आहे.

त्यानंतरच्या काळात अहमदाबादचे गीत सेठी यांनी जागतिक विजेतेपदांची परंपरा चालविली. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरमध्ये वाढलेल्या पंकज अडवाणी यांनी तर बिलियर्ड्स व स्नूकर मिळून २०२४ अखेर पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे नावावर केली. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला, तेव्हा एकेरीचे सुवर्णपदक अशोक शांडिल्य यांनी आणि रौप्यपदक सेठी यांनी मिळविले. मुंबईचे ध्रुव सितवाला यांनी २०१५ व २०१६ मध्ये आशियाई बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकले. गुणवत्तेचा झरा आटलेला नाही, हे यावरून दिसून येते. परंतु २०१० नंतरच्या आशियाई स्पर्धांतून हा खेळ वगळला गेला. दूरचित्रवाणीवर स्नूकरचे रंगीत चेंडू अधिक शोभून दिसतात. परिणामी नवा खेळाडू स्वाभाविकच तिकडे वळतो.

भिंतींच्या आतला खेळ

बिलियर्ड्स सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला नाही, याचे मुख्य कारण जागा हे होय. टेबलाच्या चारी बाजूंस क्यू मागे घेण्यापुरती मोकळी जागा सोडावयाची तर किमान २२ फूट लांब व १६ फूट रुंद, म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस फुटांची खोली लागते. महानगरातील कित्येक कुटुंबांचा संपूर्ण संसार एवढ्या जागेत सामावतो. दगडी पृष्ठभागामुळे टेबलाचे वजन एक टनाहून अधिक भरते. ते नीट समपातळीत बसविणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. कापडाला रोज ब्रश करावा लागतो आणि लवीच्या दिशेने इस्त्री फिरवावी लागते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात कापड दमट होऊन चेंडूची गती मंदावते. मोठ्या स्पर्धांसाठी टेबलाखाली उष्णता देण्याची सोय करतात ती त्यासाठीच.

हा सारा खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा असल्याने खेळ जिमखान्यांत आणि क्लबांत स्थिरावला. तेथील सदस्यत्व ज्यांना लाभले त्यांनाच क्यू हाती धरता आली. क्लबात खेळाची सर्वांत जवळून ओळख असलेली आणखी एक व्यक्ती असे, ती म्हणजे मार्कर. गुण मोजणे, पॉकेटमधून चेंडू काढून देणे, टेबलाची निगा राखणे ही त्याची कामे. नवख्या सदस्याला पहिला धडा पुष्कळदा त्याच्याकडूनच मिळत असे. क्लबांच्या सन्मानफलकांवर विजेत्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिली गेली. ज्यांनी हे टेबल वर्षानुवर्षे खेळण्याजोगे ठेवले त्या मार्करांची नोंद मात्र सहसा झाली नाही.

दार उघडे असले म्हणजे काय घडू शकते, याचे एक उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. तेथील शासनाच्या फलोत्पादन खात्यात नोकरी करणाऱ्या उमादेवी नागराज या बंगळूरच्या सचिवालय क्लबमध्ये टेबल टेनिस खेळण्यासाठी जात. तेथे टेबल रिकामे मिळेना, म्हणून त्यांनी शेजारच्या खोलीतील बिलियर्ड्सची क्यू हाती घेतली. तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. २०१२ साली त्या महिलांच्या जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत विजेत्या ठरल्या. कर्मचाऱ्यांच्या क्लबातील एका टेबलाने हे साधले.

नव्या मुंबईतील संधी

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याचे काम १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोकडे सोपविण्यात आले. १ जानेवारी १९९२ पासून तेथे महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. या नगरीत शंभर वर्षांची परंपरा असलेले जिमखाने नाहीत. परंतु जुन्या भिंती नसणे हाही एक लाभच होय. कोण सदस्य होऊ शकतो आणि कोण नाही याचे पिढीजात संकेत येथे आड येत नाहीत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, नवे टेबल आणावयाचीही गरज नाही. पूर्ण आकाराचे स्नूकरचे टेबल आणि बिलियर्ड्सचे टेबल यांत काहीही फरक नसतो. माप तेच, पॉकेट तेच, बॉक लाइन आणि ‘डी’ तीच. वाशीच्या किंवा नेरुळच्या एखाद्या पार्लरमध्ये असे टेबल असेल तर स्नूकरचे बावीस चेंडू उचलून तेथे तीन चेंडू मांडले की बिलियर्ड्स सुरू होतो. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची आणि शिकण्याच्या इच्छेची. सकाळच्या वेळी ही टेबले बहुधा रिकामी असतात. त्या वेळेत विद्यार्थ्यांसाठी माफक शुल्कात तासभराचा वर्ग चालविणे पार्लरचालकांना अशक्य नाही. जुने खेळाडू आणि निवृत्त मार्कर यांचा अनुभव अशा वर्गांना उपयोगी पडू शकेल. निवासी संकुलांच्या क्लबगृहांत जेथे पूर्ण आकाराची टेबले आहेत, तेथील सोसायट्यांनी आठवड्यातील एक दिवस बिलियर्ड्ससाठी राखून ठेवावयास हरकत नसावी.

पालकांच्या मनात पार्लरविषयी काहीसा संशय असतो. पैज, धूम्रपान आणि वेळेचा अपव्यय यांच्याशी या खेळाचे नाव जोडले गेले आहे, आणि तो संशय सर्वस्वी अनाठायी आहे असेही म्हणता येणार नाही. त्यावरचा उपाय खेळ टाळणे हा नव्हे, तर स्वच्छ, उजेडाची आणि शिस्तीची जागा उपलब्ध करून देणे हा होय. जेथे शिक्षक असतो, वहीत रोजच्या ब्रेकची नोंद होते आणि पालकाला केव्हाही येऊन बसता येते, तेथे पैजेला फारसा वाव राहत नाही. भूमितीतील कोन आणि पदार्थविज्ञानातील गती व घर्षण यांचे नियम मुलांना याच टेबलावर डोळ्यांनी पाहावयास मिळतात. मुलींना आणि उतारवयातील नागरिकांनाही हा खेळ सारखाच खुला आहे, कारण येथे बळापेक्षा नजर, हाताची स्थिरता आणि संयम यांचे मोल अधिक.

विल्सन जोन्स यांच्या १९५८ च्या विजयाला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या जन्मभूमीत त्यांचा खेळ केवळ जुन्या क्लबांच्या फलकांवर शिल्लक राहावा, हे उचित नव्हे. खाडीपलीकडच्या या नव्या नगरीत टेबले आहेत आणि शिकण्याच्या वयाची मुलेही आहेत. त्या टेबलांवर रोज सकाळी घटकाभर तीन चेंडू मांडले गेले, तरी त्या परंपरेचा धागा पुन्हा जोडला जाईल.